ट्रंकेवरची वीणा

जरा पुढं सरका, मंडळी. मागं भिंतीला टेकलेत त्यांनीही या, जागा आहे. टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. एक गोष्ट सांगायची आहे. देवाची आहे, आणि पत्र्याच्या एका ट्रंकेचीही आहे.

तर, परशरामनं ती ट्रंक व्हॅनमधून उतरवून अनगोळच्या गल्लीत ठेवली होती आणि जयाबाई तिची कडी धरून तिला पुन्हा व्हॅनकडं ओढत होत्या. पत्रा फरशीवर करकरत होता. समोरच्या दारातल्या बायका भाजी निवडायची थांबून बघत होत्या.

"वहिनी, मग ह्यो नवा स्पीकर कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर?"

"घरात ऱ्हाऊ दे."

"काल्याचं कीर्तन हाय. वाडीला ऐकू जायला नको?"

"वाडी केवढी, भावजी. माझा गळा अजून हाय."

परशराम मृदंग वाजवायचा. मारुतीरावांचा जुना सोबती. मारुतीराव म्हणजे जयाबाईंचे यजमान. ते गेल्यापासून जयाबाईंच्या कीर्तनाला मृदंग परशरामचा आणि व्हॅन चालवायला सून सौम्या, हे ठरलेलं. सौम्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरीला होती आणि आज सुट्टी टाकून आली होती. तिनं पुढं होऊन ट्रंकेची दुसरी कडी धरली.

"तुमी कीर्तनात सांगता, हाक मारली की द्येव धावत येतो," परशराम म्हणाला. "आन गाडीत दोरी, फावडं, ताडपत्री. द्येवानं बघितलं तर काय म्हणंल?"

"म्हणंल, बरं झालं, दोरी आणायला मला माघारी जायला नको."

सौम्यानं हसू दाबलं. ट्रंक आत गेली. स्पीकर घरात राहिला.

त्या ट्रंकेत जाड दोरी होती, फावडं होतं, बॅटरी होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, पाण्याचा कॅन, गुळाचा खडा घातलेले चुरमुरे, मलमपट्टी, एक कोरडं लुगडं, एक घोंगडं. सौम्यानं कारखान्यातून आणलेली नारिंगी शिट्टी. हे सगळं एकदम आलेलं नव्हतं. मारुतीरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती. कुठल्याही गावच्या देवळात कुणीतरी हटकून म्हणे, "काय भाग्याचं मरण वो! काखेत वीणा, मुखात नाम." जयाबाई ऐकून घेत, मान हलवत, आणि घरी आल्यावर ट्रंकेत आणखी एक वस्तू टाकत.

जांबोटीच्या पुढं, जंगलातल्या एका वाडीवर मारुतीरावांचं मूळ घर. श्रावणात तिथं सप्ता बसतो. सात दिवस वीणा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, रात्रंदिवस, पण जमिनीला टेकत नाही. मारुतीरावांचा नेम याहून कडक होता. घरच्या देव्हाऱ्यापुढं वीणा खांद्याला लावली की वाडीच्या देवळात पोचेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. त्या वर्षी ते मोटरसायकलवरून एकटेच निघाले होते. ओढ्याजवळ गाडी घसरली, पाय मोडला. संध्याकाळपासून रात्रभर पाऊस. सकाळी लोकांना ते जांभळीच्या बुंध्याशी बसलेले सापडले. वीणा छातीशी धरलेली, कोरडी. ते स्वतः थंडगार.

आज निघण्याआधी वाडीच्या ज्योतिबाचा फोन आला होता. सप्त्याची व्यवस्था त्याच्याकडं असायची.

"वहिनी, यंदा आख्यान आमच्या मारुतीअण्णाचंच लावा. लोकांची लई इच्छा हाय."

"बघू," जयाबाई म्हणाल्या होत्या.

जांबोटी मागं पडली. झाडं रस्त्यावर वाकली आणि दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले. रेंज जाता जाता ज्योतिबाचा पुन्हा फोन आला. सौम्यानं तो स्पीकरवर लावला.

"कुठपर्यंत आलाय? राजाक्का ऐकंना झालीया."

राजाबाई ही मारुतीरावांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली. भाऊ गेल्यापासून त्याची वीणा तिच्याच घरी असायची.

"पहाटंपासनं वीणा घिऊन उभी हाय. पाय हे असं सुजल्यात. म्या हात पुढं केला तर देत न्हाय. म्हणती, जयाच्याच हातात दिईन. मागच्या म्हैन्यात चक्कर येऊन पडलीया ती. डाक्टरनं उभंच ऱ्हाऊ नको म्हणून सांगितलंय."

"तिला बसीव."

"बसती कुठली? म्हणती, माझ्या भावानं जीव गेला तरी ठेवली न्हाय, मी कशी—"

फोन तुटला. सौम्यानं पुन्हा लावून पाहिला आणि मग तो खिशात टाकला. परशरामनं मृदंगाची दोरी उगाच सैल केली, पुन्हा आवळली.  व्हॅनचा वेग वाढला.

ओढा त्यांनी ओलांडला. पाणी फार नव्हतं. पलीकडच्या चढाला मागचं चाक चिखलात फिरलं, फिरत राहिलं आणि बसलं. सौम्यानं गाडी बंद केली. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

"हितंच?" परशराम म्हणाला.

डाव्या हाताला ती जांभळ होती. जयाबाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं. मग पदर खोचून त्या खाली उतरल्या आणि ट्रंक उघडली.

फावड्यानं चिखल काढला. दोरी पुढं बांधली. परशराम आणि जयाबाईंनी ओढून पाहिलं. गाडी हलल्यासारखं करायची आणि पुन्हा बसायची. वाडी अजून बरीच लांब होती. परशरामचा गुडघा धड नव्हता आणि जयाबाईंचीही साठी झाली होती.

"चालत गेलो तरी दुपार हुईल," परशराम म्हणाला. गाडीच्या उघड्या दारात मृदंगाशेजारी बसून त्यानं हात जोडले आणि डोळे मिटले. "आता हाक मारायची, वहिनी. दुसरं काय." तो मारुतीरावांच्याच चालीत नाम घेऊ लागला.

"सौम्या," जयाबाई म्हणाल्या, "ती शिट्टी काढ."

सौम्यानं शिट्टी तोंडाला लावली. कारखान्यात आगीच्या सरावात शिकवलं होतं तशी थांबून थांबून, गाल दुखेपर्यंत वाजवली. झाडातून पाखरं उडाली. परशराम नाम थांबवून बघत राहिला.

मग बांधावर इरली दिसली. पावसासाठी पाठीवर पानांचं इरलं घेतलेल्या तीन-चार बायका आणि मागून घोंगडी पांघरलेला एक माणूस, सगळे धावत येत होते. पुढच्या बाईच्या हातात खुरपं तसंच होतं.

"काय झालं? कोन बुडालं का काय?"

"गाडी रुतलीया, बाई."

"एवढंच व्हय? आमाला वाटलं, वाघच आला." ती हसली. शालूबाई तिचं नाव. पलीकडच्या वस्तीवरची. "चला गं, धरा दोरी. आन दादा, तुमी काय मृदंग वाजवून गाडी काढनार हाय?"

परशराम खाली उतरला. चाकाखाली घालायला दगड शोधू लागला, पण चिखल दगड गिळत होता. मग तो व्हॅनमध्ये गेला आणि कीर्तनाचं जाजम घेऊन आला. ज्या जाजमावर पाय धुतल्याशिवाय तो स्वतः कधी चढला नव्हता, ते त्यानं दुमडून चाकाखाली सारलं. जयाबाईंकडं पाहिलं नाही.

दोरी ताणली. इरली एकमेकांवर आपटली. व्हॅन एक गचका देऊन वर आली.

जयाबाईंनी सगळ्यांच्या ओंजळीत चुरमुरे आणि गूळ घातला. मग दोरी कोपरावर गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "जवळच हाय वाटतं शेत तुमचं."

"त्यो काय, बांधापल्याड. हाकेवर."

"दरवर्सी असता या दिसात?"

"असतो की. भांगलण असती." शालूबाईनं जांभळीकडं हात केला. "तीन वर्सामागं हितं एक बुवा गेलं. ठावं असंल तुमाला."

सौम्या पुढं येऊ लागली. जयाबाईंनी मान किंचित हलवली. ती थांबली.

"त्या दिवशी आमी घरला जायला निघालतो," शालूबाई म्हणाली. "हितनं आवाज आलता. लई गोड आवाज ओ. अभंग चाललावता. आमी म्हटलं, सप्त्याची मानसं पावसात थांबल्यात. बांधावनंच हात जोडलं आन गेलो. सकाळी कळालं." तिनं चुरमुरे तोंडात टाकले नव्हते, मुठीतच धरले होते. "आज शिट्टी ऐकली तवा पळालो. गान्याला कोन पळतंय, सांगा बरं?"

दोरी गुंडाळणारा हात थांबला होता. पाऊस जांभळीच्या पानांवरून पडत होता. जयाबाईंनी बुंध्यापासून बांधापर्यंतची जागा पाहिली. मोडका पाय घेऊनही माणूस सरपटत गेला असता, एवढीच होती. दोन्ही हात मोकळे असते तर.

"कुठला अभंग हुता?" त्यांनी विचारलं.

"त्ये न्हाय आठवत. शेवटाला नुसतं इठ्ठल इठ्ठल चाललंवतं. मोठ्यांदा."

जयाबाईंनी दोरीचा उरलेला वेढा पुरा केला. शालूबाईच्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"तुमचं काय चुकलं न्हाय, बाई," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

वाडीपर्यंत परशराम खिडकीबाहेर पाहत होता. एकदाच म्हणाला, "म्या गावोगाव सांगत फिरलो, काय मरण आलं म्हणून."  ट्रंक हलत होती, तिला जयाबाईंनी पायानं अडवून धरलं होतं.

देवळात टाळ चालू होते, पण लय पडलेली. राजाबाई खांबाला टेकून उभी होती. ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले, वीणेच्या तारेवरचं बोट मात्र हलत होतं. जयाबाई चिखलाच्या पायांनीच आत शिरल्या.

"वहिनी, पाय तेवढं—" ज्योतिबा म्हणाला.

"परशरामभावजी, ट्रंक आत आणा."

परशराम आणि सौम्यानं ट्रंक आणून देवापुढं ठेवली. जयाबाई राजाबाईसमोर उभ्या राहिल्या.

"आक्का, आले मी. दे."

राजाबाईनं डोळे उघडले, ओळखलं आणि वीणा दिली. परशराम खांदा पुढं करून उभाच होता, कीर्तन सुरू होईपर्यंतचा पहारा त्याचा. जयाबाई त्याच्याकडं वळल्या नाहीत. ट्रंकेतलं घोंगडं काढून त्यांनी झाकणावर अंथरलं आणि वीणा त्यावर आडवी ठेवली.

टाळ थांबले.

"वहिनी," ज्योतिबाचा आवाज चिरला, "वीणा ठेवत न्हाईत. सप्ता मोडतो."

"ही काय जमीन न्हाय."

"तरी बी. खांद्यावरनं उतरली की मोडला."

"मग मोडला म्हणा. माझ्या नावावर मोडला म्हणा. पांडुरंगाला काय सांगायचं ते मी सांगीन. त्याची-माझी वळख जुनी हाय."

"मारुतीअण्णानं हिच्यापायी जीव दिला, आन तुमी—"

"दिला न्हाय. गेला." जयाबाईंचा आवाज कीर्तनातल्यासारखा चढला नाही, उलट खाली आला, आणि म्हणून देवळाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "हाका मारत गेला, ज्योतिबाभावजी. बांधापल्याड मानसं हुती. त्यांनी अभंग ऐकला आन हात जोडलं. ह्यांच्या हातात वीणा नसती तर बांधापतोर गेलं असतं. गळ्यात शिट्टी असती तर मानसं आली असती. ह्याचं आख्यान मी लावणार न्हाय. आन दुसऱ्या कुणाला लावूही देणार न्हाय."

 राजाबाई अजून उभीच होती, रिकामे हात छातीशी तसेच धरून.

"आक्का, वीणा बसलीया बघ. आता तू बी बस."

राजाबाईनं ट्रंकेवरच्या वीणेकडं बराच वेळ पाहिलं. मग ट्रंकेची कड धरून ती हळूहळू खाली बसली. सौम्यानं पाण्याचा कॅन उघडून तिच्या तोंडाशी धरला. दोन घोट पिऊन ती म्हणाली, "त्यो लई दमला असंल गं."

"व्हय," जयाबाई म्हणाल्या.

परशरामनं जाजम आणलं. त्यावर टायरची नक्षी स्पष्ट उठली होती. पाण्यानं पुसायला कुणीतरी पुढं आलं, त्याला त्यानं हातानं मागं सारलं, जाजम तसंच अंथरलं आणि मृदंगावर थाप मारली. जयाबाई त्याच्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी काल्याचं कीर्तन केलं. कृष्णाच्या खोड्या सांगितल्या, गवळणींचं हसू आणलं. दहीहंडी फुटली तेव्हा ज्योतिबाही लाह्या झेलायला वाकला. वीणा सगळा वेळ ट्रंकेवर होती.

निघताना सौम्या शिट्टी शोधत होती. ती देवळातल्या घंटेशेजारच्या खिळ्याला लटकलेली दिसली. कुणी लावली, ते कुणी सांगितलं नाही. राजाबाई तेवढी दुसरीकडं बघत होती.

तर मंडळी, कधी त्या रस्त्यानं गेलात तर गाडीत एक दोरी असू द्या, एक शिट्टी असू द्या. देवावर भरवसा ठेवून असू द्या. आणि ओढ्याकाठची ती जांभळ दिसली की हात जोडू नका. क्षणभर गाडी थांबवा, कान द्या, आणि मारुतीरावांची आठवण काढा. आवाज फार गोड होता त्यांचा.