आज वर्गात काय झालं

मित्रांनो, दुसरीच्या वर्गाच्या दाराशेजारी बरीच वर्षं टांगलेला काळा फळा, तो मी. आता मी शाळेच्या अडगळीच्या खोलीत आहे. माझी एक कड फुगली आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण माझ्यावर काय लिहिलं गेलं आणि काय पुसलं गेलं, ते मी विसरलेलो नाही. तेच सांगतो.

माझा जन्म एका सुताराच्या तक्रारीतून झाला. त्याचा मुलगा दुसरीत होता. एके दिवशी मुलाला न्यायला आलेला सुतार वर्गाच्या बाईंना म्हणाला, "बाई, पोराला रोज विचारतो, आज शाळेत काय केलं? रोज एकच उत्तर, काही नाही! अहो, दिवसभर तुम्ही त्यांच्याकडून काहीच करून घेत नाही का?"

बाई खळखळून हसल्या. "मला एक फळी रंगवून द्या. 'काही नाही'मध्ये काय काय असतं, ते मी रोज लिहून ठेवते."

सुताराने एका जुन्या कपाटाचं दार कापलं, त्याला रंधा मारला आणि काळ्या रंगाचे हात दिले. त्याने मला दाराशेजारी टांगलं तेव्हा माझा रंग पुरता वाळलाही नव्हता. बाईंनी सगळ्यात वर पांढऱ्या रंगाने कायमचं लिहिलं, 'आज वर्गात काय झालं'. त्याखालची जागा रोजच्या खडूसाठी.

शाळा सुटायच्या जरा आधी, मुलं दप्तरं भरत असताना, बाई बाहेर येऊन लिहायच्या. 'आज दोन दुधाचे दात पडले. एक सापडला, एक गिळला.' 'आज बी का रुजलं नाही ते पाहायला सगळ्यांनी ते उकरून काढलं. आता नवीन बी.' फक्त गोड गोड असं कधी नसे. 'आज भांडण झालं, एकाला नखं लागली, मिटलं.' एकदा तर त्यांनी लिहिलं होतं, 'आज मी विनाकारण ओरडले. मुलांची माफी मागितली.' पालक ते वाचून हसले होते, पण त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. चष्मेवाले एक आजोबा नातीला न्यायला यायचे. ते मला मोठ्याने वाचायचे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की बाईंची कानउघाडणी करायचे.

मग एका वर्षी भिंगरी वर्गात आली. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच. उभी राहिली की स्वतःभोवती गिरकी घ्यायची, म्हणून ती भिंगरी. तिचे वडील बस चालवायचे आणि आई एका मोठ्या दवाखान्यात चादरी धुवायची. शाळा सुटताना दोघांपैकी कुणालाच येता येत नसे. शेजारीण तिला घेऊन जायची. आई कामावरून सुटली की वाकडी वाट करून शाळेत यायची. तेव्हा शाळा रिकामी असे. झाडलोट करणाऱ्या मावशी तिला फाटक उघडून द्यायच्या. ती माझ्यासमोर उभी राहायची, अक्षरांखाली बोट फिरवत सावकाश वाचायची.

"सकाळी मी निघते तेव्हा ती झोपलेली असते," एकदा ती मावशींना म्हणाली. "पोरीचा दिवस कसा गेला, ते मला इथंच कळतं. मग घरी जाऊन विचारते, काय गं, दात गिळणारी ती तूच ना? तर डोळे मोठे करून म्हणते, आई, तुला सगळं कसं कळतं?"

मित्रांनो, फळ्याला यापेक्षा जास्त काय हवं?

त्याच वर्षी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला गळती लागली. वर्गाच्या एका कोपऱ्यात छताला ओल आली. डाग आधी बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला. एके दिवशी मधल्या सुट्टीत तिथून गिलाव्याचा मोठा तुकडा रिकाम्या बाकावर आदळला. त्या दुपारी बाईंनी लिहिलं, 'आज वर्गाच्या छताचा तुकडा पडला. कुणाला लागलं नाही. वर ओल आहे. दुरुस्ती होईपर्यंत आम्ही व्हरांड्यात बसू.'

शाळा सुटायची होती. मुख्याध्यापक तिथून चालले होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. ते थबकले.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"झालं ते लिहिलंय, सर."

"उद्या निम्मे पालक मुलं काढून नेतील. पट आधीच घसरलाय. शाळा बंद पडली तर ही मुलं जाणार कुठं? मी दुरुस्तीचा अर्ज दिलाय, सुट्टीत काम होईल. तोवर कोपऱ्यातला बाक पुढे ओढा. आणि व्हरांड्यात बसायचं नाही. येणारा-जाणारा विचारत बसेल."

त्यांनी आतून डस्टर आणलं आणि स्वतःच्या हाताने मला पुसलं. ते दुष्ट नव्हते. पावसाळी गटार तुंबलं तर पँट दुमडून उतरणारा तो माणूस होता. पण त्या दिवशी ते घाबरले होते, आणि डस्टर त्यांच्या हातात होतं.

बाई खडू धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी लिहिलं, 'आज आम्ही पाचाचा पाढा म्हटला.' ते खोटं नव्हतं. पाढा खरंच म्हटला होता.

संध्याकाळी भिंगरीची आई आली. वाचता वाचता ती माझ्याजवळ वाकली. "मावशी, इथं आधी काहीतरी होतं वाटतं. छ... छता... नीट पुसलं नाहीये."

पडलेला तुकडा मावशींनीच झाडून बाहेर टाकला होता, आणि मोठ्या सरांना मला पुसतानाही पाहिलं होतं. त्यांनी झाडू दुसऱ्या हातात घेतला. "काही नाही गं. बाईंचं लिहायला चुकलं असेल."

"असेल," आई म्हणाली. "आज पाढा म्हणून घेते तिच्याकडून." आणि ती गेली.

नंतरच्या दिवसांत बाई मोठ्या सरांकडे जात राहिल्या आणि मान खाली घालून परत येत राहिल्या. माझ्यावर त्या गाणी, चित्रं, पाढे एवढंच लिहीत. एकदा आजोबा म्हणाले, "काय बाई, हल्ली भांडणंबिंडणं होत नाहीत वाटतं? सगळं छानच चाललंय!" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आत तो डाग कोपरा सोडून वर्गाच्या मधोमध सरकला होता.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशीही बाई नेहमीप्रमाणे बाहेर येऊन लिहीत होत्या. 'आज आम्ही' एवढं लिहून झालं आणि आत मोठा आवाज झाला. भिंत हादरली, मी खिळ्यावरून निसटून एका बाजूला लोंबकळलो. दारातून पांढरी धूळ बाहेर आली आणि धुळीतून मुलं आली. बाई आत धावल्या. दोन मुलांना त्यांनी उचलून आणलं, त्यांचे हात-पाय मोडले होते. भिंगरी फडताळात रंगांचे डबे ठेवायला मागे थांबली होती. त्या दिवशी ते काम तिच्याकडे होतं. तिला बाहेर काढायला मोठी माणसं लागली.

तिची आई जिथं चादरी धुवायची, त्याच दवाखान्यात तिला नेलं. मावशी नंतर रडत रडत कुणाला तरी सांगत होत्या, "तिच्या आईला कुणी बोलवायलाच लागलं नाही गं. ती तिथंच होती." अंधार पडायच्या आत भिंगरी गेली.

काही दिवसांनी पालकांची सभा भरली. वर्ग बंद होते, म्हणून सगळे अंगणात उभे राहिले. मोठे सर म्हणाले, "अचानक झालं हो. आधी काही लक्षणच नव्हतं."

भिंगरीचे आईवडील मागे उभे होते. आई गर्दीतून पुढे आली ती सरळ माझ्यासमोर. माझ्यावर अजून 'आज आम्ही' हेच दोन शब्द होते. ती बराच वेळ पाहत राहिली. मग न वळताच तिने विचारलं, "मावशी, त्या दिवशी इथं काय पुसलं होतं?"

"छत पडलं, असं होतं," मावशी म्हणाल्या. "बाईंनी लिहिलं होतं. मोठ्या सरांनी पुसलं. मी तुला खोटं सांगितलं गं."

आई बाईंकडे वळली. "तुम्ही लिहिलं होतंत?"

"हो."

"मग दुसऱ्या दिवशी परत का नाही लिहिलंत?"

"हिंमत झाली नाही," बाई म्हणाल्या.

आईने जमिनीवर पडलेला खडू उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "आता लिहा."

बाईंनी मला सरळ केलं आणि लिहायला सुरुवात केली. गळती कधी लागली, तुकडा कधी पडला, अर्ज कधी दिला, काय पुसलं, कोणी पुसलं, आणि त्यानंतर आपण स्वतः काय काय लिहीत राहिलो. मोठे सर पुढे आले. "बाई, थांबा, चौकशी व्हायचीय..." भिंगरीचे वडील सर आणि मी यांच्यामध्ये येऊन उभे राहिले. आजोबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पण तिसऱ्या ओळीवर त्यांचा आवाज बसला. पुढचं ज्याने त्याने मनातच वाचलं.

पालकांनी माझे फोटो काढले. चौकशी झाली. आणखी दोन वर्गांची छतं तशीच कुजलेली निघाली आणि ती मुलं दुसऱ्या इमारतीत गेली. ती वाचली. मोठ्या सरांची नोकरी गेली. बाईंनाही शिक्षा झाली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली. पुढे त्यांनी पुन्हा कुठल्या शाळेत शिकवलं की नाही, मला माहीत नाही.

नव्या इमारतीत माझ्या जागी चकचकीत पडदा लागला आहे म्हणे. त्यावर हसणाऱ्या मुलांचे फोटो सरकत असतात. मला इथं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. मध्यंतरी मावशी ओलं फडकं घेऊन आल्या होत्या. मला उलटं करून त्यांनी बाईंची अक्षरं पाहिली आणि फडकं तसंच पिळून परत नेलं.

मित्रांनो, फळा जपायचा म्हणजे तो पुसून लख्ख ठेवायचा, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं जपू नका. माझ्यासारख्या फळ्यावर जे घडलं ते लिहा, भिंतीला तडा गेला असेल तर तडा लिहा. आणि ज्यांच्यासाठी लिहिलंय ते वाचून जाईपर्यंत कुणाला पुसू देऊ नका. त्या संध्याकाळी ती ओळ माझ्यावर असती, तर भिंगरीच्या आईने दुसऱ्या दिवसापासून तिला घरीच ठेवलं असतं.