बॉनेटवरचा पंजा

मी एक जुनी टॅक्सी आहे, हे ओळखायला मित्रांनो, तुम्हाला माझं दार लावून बघावं लागेल. दोन-चारदा आपटल्याशिवाय ते बसतच नाही. मला बनवलं कुठल्याशा परदेशी कारखान्यात, तिथलं मला काही आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते नाईलकाठच्या मल्लवी गावात, ज्या दिवशी शहाता ड्रायव्हरनं मला घरी आणलं आणि दारात मेंढा कापला.

नव्या गाडीवर मेंढ्याच्या रक्तानं पंजा उमटवला की दृष्ट लागत नाही. तो मान शहाताच्या बायकोनं, नबावियानं, हट्टानं घेतला.

"अगं, मागं कुठंतरी उमटव," शहाता कळवळून म्हणाला. "पांढऱ्याशुभ्र रंगाची वाट लावशील!"

"दृष्ट काय मागून लागते?" असं म्हणत तिनं पंजा थेट माझ्या बॉनेटवर मारला. लहानपणी भट्टीच्या झाकणाखाली सापडून तिची करंगळी वाकडी झाली होती. माझ्यावरही ती वाकडीच उठली. मग जेवणावळीच्या गडबडीत रक्त पुसायचं राहून गेलं. ते उन्हात तापलं, रंगात मुरलं आणि त्याचा तपकिरी पंजा कायमचा राहिला.

पुढं मी कैरोच्या फेऱ्या मारमार मारल्या. उसाच्या शेतांमधून जाताना किडे माझ्या तोंडावर येऊन आपटत आणि उन्हानं तिथंच चिकटून बसत. रस्त्याचं डांबर उडायचं ते वेगळंच. दर शुक्रवारी शहाता माझ्या नाकावर ओलं फडकं पसरून चहा प्यायला बसे.

"किडा म्हणजे रुसलेली बायको," तो शेजाऱ्याला मोठ्यानं ऐकवी. "ओढायला गेलास तर ओरबाडते. भिजू दे, आपण होऊन सुटते!"

"आणि डांबर म्हणजे तुमची बहीण!" आतून नबाविया कडाडे. "तेल लावल्याशिवाय जागची हलत नाही!"

काय हसायची ती माणसं! मी उभ्या जागी थरथरायची.

मग नबाविया यकृताच्या दुखण्यानं गेली. आयुष्यात तिनं कधी फोटो काढू दिला नाही. "मला लाज वाटते बाई," म्हणायची. तिचं असं म्हणून घरात काही उरलं नाही. उरला तो माझ्यावरचा हात. रोज सकाळी शहाता आपला पंजा तिच्या पंजावर ठेवी, "चल गं," म्हणे आणि मग किल्ली फिरवी.

त्यांची मुलगी इन्साफ हिचं लग्न ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी याच गाडीतून जाणार. वरातीत आई पुढं असेल."

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या रस्त्याचं काम निघालं. ओल्या डांबरानं माझं तोंड माखलं, पंजा पार झाकून गेला. शहातानं कापसाच्या बोळ्यावर तेल घेतलं आणि नुसत्या बोटाच्या टोकानं टिपायला लागला. पहिल्यांदा करंगळी सुटली. ती वाकडी करंगळी दिसताच त्याचे डोळे भरून आले. "बाकीचं उद्या," तो म्हणाला. "घाई करायची नाही."

दुसऱ्या दिवशी तो पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला आणि इकडं नवरदेव बरकात आला. गुणी पोरगा हो, त्याला बोल कसा लावू! सासऱ्याला खूश करायचं म्हणून त्यानं खिळ्यावरची किल्ली घेतली आणि मला मित्राच्या गॅरेजात नेलं. तिथं त्यानं रॉकेल ओतलं, पत्र्याच्या पट्टीनं डांबर खरवडलं. खाली तपकिरी डाग दिसला तसा पॉलिशची खरखरीत पेस्ट घेऊन बाह्या सरसावून घासत बसला. मी ओरडले असते. पण माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्यानं दाबावा लागतो.

"काका, बघा!" परत आल्यावर तो दुरूनच ओरडला. "यात बघून दाढी करा! मधे एक डाग होता, मेला जाता जाईना. पण मी कसला सोडतोय!"

शहातानं बॉनेटवर हात ठेवला. इन्साफ उंबऱ्यात येऊन थबकली, तिनं तोंड उघडलं. बापानं तिच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून.

"हात दुखले असतील रे तुझे," तो बरकातला म्हणाला. "बस, चहा घे."

वरातीत सगळे माझ्या चकाकीचं कौतुक करत होते. इन्साफ सारखी रडत होती. "माहेर सुटतंय, रडणारच पोर," बायका म्हणाल्या. बरकातला अजूनही काही माहीत नाही.

आता शहाता मला चालवत नाही. मी भिंतीकडेला उभी असते, ती चकाकी केव्हाच गेली. मित्रांनो, किडा भिजू द्या, डांबराला तेल लावा, आणि दुसऱ्याच्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी विचारा, हा कुणाचा आहे. एवढं ऐकलंत तरी पुष्कळ झालं.

शहाता अजून रोज सकाळी येतो आणि बॉनेटवर पंजा ठेवतो. पण आता त्याची जागा चुकते. कधी जरा वर पडतो, कधी जरा डावीकडं. नेमकी जागा मला ठाऊक आहे. मला सांगता येत नाही.