नैसर्गिक प्रेमापोटी

प्रुइटसाहेबांनी सुरमईचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि डाव्या कोपराने आपल्या पूर्वजाचं मृत्युपत्र रश्श्यापासून दूर सरकवलं.

"मूळ प्रत नव्हे," त्यांनी कादिरला धीर दिला. "झेरॉक्स आहे."

साहेब कंपनीचे जनरेटर इंजिनियर, आणि रियाधच्या अल सुलै भागातल्या ज्या गोदामात ते जनरेटर ठेवलेले, त्याचा कादिर इनचार्ज. आखातात लढाईची चिन्हं दिसू लागली तशी साहेबांनी बायकोमुलांना अमेरिकेला धाडलं आणि पूर्वजांना जवळ ठेवून घेतलं. पूर्वज खोक्यांत होते. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजानंतर साहेब कादिरकडे जेवायला येत, आणि एक खोकं बरोबर आणत. खिडक्यांना विषारी गॅसच्या भीतीने चिकटपट्ट्या मारलेल्या असल्यामुळे माशाचा वास आणि व्हर्जिनियाचा इतिहास दोन्ही संध्याकाळपर्यंत घरातच राहत.

आज टॉमस हॅरोची पाळी होती. साहेबांच्या आईकडून हा त्यांचा पूर्वज. अमेरिका नावाचा देश होण्याआधीच तो वारला होता. थोरल्या मुलाला त्याने घर दिलं, मधल्याला पिठाची गिरणी, धाकट्याला डोंगरालगतचं रान. आणि सुझॅना नावाच्या मुलीला एक शिलिंग, 'अधिक काही नाही' असं स्पष्ट लिहून. साहेब या सुझॅनाच्या वंशातले.

"तिने काय गुन्हा केला ते मी कित्येक वर्षं शोधतोय," साहेब म्हणाले. "पळून गेली? बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं? त्या काळचे कोर्टाचे कागद पाहिले, चर्चचे पाहिले. काही सापडत नाही."

चौदा वर्षांची मेहनाज हे सगळं मराठीत आईला सांगत होती. शाळा बंद असल्यामुळे तिला एवढंच काम होतं. हफीजा ओढणी सावरून स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसली होती.

"गुन्हा कसला," कादिर भाकरी मोडत म्हणाला. "मुलगी असेल, झालं."

"अब्बा, हे त्यांना सांगू?"

"नको. त्यांचा टाइमपास जाईल."

साहेबांनी दुसरा कागद काढला. बापाच्या पश्चात सुझॅनाने केलेला. ओढ्याकाठची जमीन आईकडून आलेली, त्यामुळे तीत तिचाही वाटा निघत होता. तो तिने भावांना सोडून दिला होता. सहीच्या जागी फुली होती. का सोडला तेही लिहिलं होतं. मेहनाजने साहेबांच्या बोटामागून वाचलं, मग छताकडे बघत मराठी जुळवलं.

"नैसर्गिक... प्रेमापोटी. भावांवरच्या."

हफीजा पाटावरून उठली. आतल्या खोलीत जिद्द्याला न्यायची बॅग भरून ठेवली होती. रियाधहून विमानं उडत नव्हती. रविवारी बसने जिद्दा आणि सोमवारी तिथून मुंबई, असं मायलेकींचं ठरलं होतं. कादिर मागे राहणार होता, कारण जनरेटर मागे राहणार होते. मायलेकी उतरणार होत्या सिराजकडे, दाभोळच्या खाडीकाठी. गावाकडे कादिरच्या स्वतःच्या घराला अजून छप्पर नव्हतं. सिराज म्हणजे हफीजाचा धाकटा भाऊ सिराजुद्दीन. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला.

ती सिराजने पाठवलेला कागद घेऊन बाहेर आली. हक्कसोडीचा, बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून देण्याचा. उद्या, शनिवारी, भारतीय वकिलातीत जाऊन त्याच्यावर सही करायची होती.

"हा वाच."

मेहनाज इंग्रजी शाळेतली, ती मराठी वाचे ते वाळूतून चालल्यासारखं. "मी हफीजा... राजीखुशीने व अक्कलहुशारीने... कोणताही मोबदला न घेता... नैसर्गिक प्रेमापोटी..." ती थांबली. "अम्मी, सेम आहे. कुणीतरी कॉपी मारलीय."

साहेबांना अर्थ सांगितल्यावर ते इतके खूष झाले, की त्यांनी हफीजाच्या कागदाची झेरॉक्स मागितली.

"त्यांना विचार," हफीजा म्हणाली, "ही फुली मारल्यावर तिचं पुढं काय झालं?"

मेहनाजने विचारलं. साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. भावांचे पुढचे कागद ढिगाने होते. त्यांनी विकलं, घेतलं, बांधावरून भांडले, एकाने गिरणी जुगारात घालवली. सुझॅनाचा मात्र या कागदानंतर कागद नव्हता. ती कुठं राहिली, कधी मेली, कुठं पुरली, काही नाही.

"जमीन नाही, तर कागद नाही," साहेब म्हणाले.

हफीजाने चहा ओतला. साहेबांच्या कपात साखर घालायची विसरली. साहेब तसाच प्याले आणि छान झालाय म्हणाले.

ते गेल्यावर कादिरने खोकं ठेवलेली सतरंजी उगीचच झटकली.

"तू काही मनात आणू नकोस. अल्लानं बहिणीला वाटा दिलाय हे मलाही माहीत आहे. पण आपल्याकडे कुठली बहीण घेते? वाटा घेतला की माहेर संपलं. भावाकडून जमीन घेणारीला भावजय माशाचं डोकं वाढते."

"मला आवडतं डोकं."

"हफीजा, इथं आकाशातून स्कड पडताहेत."

"स्कडचा नेम चुकतो. सिराजच्या बायकोचा नाही चुकत," ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली. थोड्या वेळाने आतून आवाज आला. "सगळं नाही ठेवत. वरचा कातळ तेवढा ठेवते. माझ्या नावावर."

"कातळ? तिथं गवतसुद्धा उगवत नाही."

"म्हणूनच. सिराजला वाईट नाही वाटणार."

शनिवारी वकिलातीत गर्दी होती. निम्मं कोकण पासपोर्ट घेऊन रांगेत उभं होतं. खिडकीमागे एक पुणेरी मराठी बोलणारा गृहस्थ होता. त्याने कागद चाळला आणि न बघता विचारलं, "राजीखुशीने सही करताय ना बाई?"

"राजीखुशीनेच. आधी कातळाचा गट नंबर खोडायचाय."

गृहस्थाने पहिल्यांदा वर पाहिलं. "खाडाखोड चालत नाही."

"मग सहीपण नाही चालत."

रांगेतून कुणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणून घाई केली. गृहस्थाने कादिरकडे पाहिलं. कादिर भिंतीवरची सूचना वाचण्यात गढला होता. शेवटी गृहस्थाने पेन पुढे केलं. "खोडलंय तिथं शेजारी छोटी सही करा. आणि खाली मोठी."

हफीजाने दोन्ही केल्या. मोठीपेक्षा छोटीला जास्त वेळ लागला.

बाहेर येऊन ते टेलिफोनच्या केबिनमध्ये शिरले. सिराजकडे गेल्या वर्षीच फोन आला होता, गावातला दुसरा. इतके पैसे कुठून आले ते कादिरने कधी विचारलं नव्हतं. मेव्हण्याला असं विचारू नये. कादिरने खुशाली सांगितली, बॉम्बची चौकशी झाली, मग तो घसा खाकरून म्हणाला, "सही झाली बरं का. फक्त कातळ तुझ्या आपाने स्वतःकडे ठेवलाय. एवढंच. बाकी आमराई, घर, भातखाचरं सगळं तुझं."

कादिरने रिसीव्हर हलवून पाहिला.

"भावोजी," सिराज म्हणाला, "आपाला फोन द्या."

हफीजाने रिसीव्हर घेतला. कादिर कान लावून उभा राहिला.

"आपा, कातळ काय करायचाय तुला? आमराई घे. अर्धी आमराई घे. खरंच सांगतो."

कादिरचे डोळे मोठे झाले. अर्धी हापूसची बाग. त्याने हाताने खूण केली, हो म्हण.

हफीजा काचेबाहेर बघत होती. रस्त्यावरून लष्कराच्या गाड्यांची ओळ चालली होती, वाळूच्या रंगाची, संपत नव्हती. खाडीपलीकडे कातळ फोडून घरांसाठी चिरे काढतात, ते तिला माहीत होतं.

"सिराज," ती म्हणाली, "चिऱ्याची खाण कधी लावलीस तिथं?"

पलीकडून आधी एक शिंक ऐकू आली.

"दिवाळीच्या आसपास," सिराज म्हणाला. आवाज लहानपणी शेजारच्यांचे पेरू चोरल्यावर यायचा तसा होता. "ठेकेदार म्हणाला, बहिणीची सही लागेल. तुला सांगणारच होतो आपा. लढाईत तुला कशाला आणखी त्रास."

"जेवलास का?"

"हो."

"सर्दी झालीय तुला. वाफ घे."

"आपा, मग... खाणीचं काय करायचं?"

सबंध संसारात भावाशी बोलताना 'आमच्यासाठी काही करत बसू नकोस' हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. तिने ते पहिल्यांदाच गाळलं.

"सोमवारी येतोय आम्ही," हफीजा म्हणाली. "समोरची खोली रिकामी करून ठेव. आणि ठेकेदाराला सांग, मंगळवारी मला भेटायला यायचं."