बैठकीतलं चित्र

रविवारी पाहुणे यायचे होते, म्हणून चारुलताआत्यानं सकाळीच नारळ खवून वड्या थापल्या. वड्या तिच्या हातच्या आहेत हे पाहुण्यांना सांगायचं नाही, हे प्रतापनगरच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. आत्याच्या अंगावर कोड होतं. मानेवर, पाठीवर, दोन्ही हातांवर. भाचीला, यशश्रीला, बघायला कोणी आलं की आत्यानं आतल्या खोलीत बसायचं आणि खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं.

यशश्रीला न्हाऊमाखू घातलं होतं ते याच हातांनी. चित्रकला शिकताना यशश्रीनं आत्याचीच उघडी पाठ रंगवली. दाराला कडी लावून आत्या पाठमोरी बसायची आणि मधूनच लाजून हसायची. चित्र पुरं झालं तेव्हा म्हणाली, "अगंबाई, अशी आहे होय माझी पाठ? मी कधी बघितलीच नव्हती."

चित्राला बक्षीस मिळालं. पद्मानं, यशश्रीच्या आईनं, ते हौसेनं बैठकीत लावलं. चेहरा तर दिसत नाही, मग कोण ओळखणार?

शहराच्या दुसऱ्या टोकाहून, गोत्रीहून, यशश्रीला बघायला शुभंकर आणि त्याची आई कमलाताई आले. कमलाताई चित्रापुढेच थबकल्या आणि गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या,

"एकदम सरस हां! पाठीवर जसे ढग उतरलेत. शुभंकर, आपल्या नव्या हॉलमध्ये असंच काहीतरी पाहिजे."

पद्मा फुलली. "मनानंच काढते हो ती सगळं."

"मनानं नाही, आई. ही माझी आत्या आहे." यशश्री आतल्या दाराकडे वळली. "आत्या, पाणी आण गं."

आतून पेले मांडल्याचा आवाज आला. मग आत्या ट्रे घेऊन आली. तिनं एक पेला कमलाताईंपुढे धरला.

कमलाताईंचा पुढे आलेला हात मांडीवर परत गेला. "नको हं, आत्ताच पिऊन निघालो." मग पद्माला हळूच, "बेन, हे आधी सांगायचं ना! उद्या मुलाबाळांत उतरलं म्हणजे?"

"शिवल्यानं लागत नाही ते, काकू," यशश्री म्हणाली.

"आम्ही कुठे तसं म्हटलं? आम्ही मॉडर्नच आहोत. चाल, शुभंकर."

बूट घालताना शुभंकर म्हणाला, "पेंटिंग मात्र द्याल ना आम्हाला?"

"नाही," यशश्री म्हणाली. "जिच्या हातचं पाणी चालत नाही, तिची पाठ तुमच्या भिंतीवर लागणार नाही."

दार लागताच पद्मा नणंदेवर तडकली. "झालं समाधान? आता कोण करून घेणार हिला?"

आत्या आत निघाली. यशश्रीनं तिचा दंड धरला आणि तिला बैठकीतल्या खुर्चीवर बसवलं. "यापुढे कोणीही येऊ दे, तू इथेच बसायचंस. तुला बघून जो उठेल, त्याच्या घरात मला जायचंच नाही."

आत्या खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली. हात कुठे ठेवावेत तिला कळेना.

"बसते गं. पण पाहुण्यांत बसून करतात काय?"

यशश्रीनं नारळाच्या वड्यांची बशी आणून तिच्या हातात दिली. तुमच्याकडे पाहुणे येतात, तेव्हा आतल्या खोलीत कोण असतं?