अर्ध्या किलोचं माप

माझा भाऊ रामराव माणूस म्हणून वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटणार नाही, आणि खरं सांगायचं तर आजकाल मलाही वाटत नाही.

आर्णीपासून थोडं आत, आमच्या गावात त्याचं किराणा दुकान आहे. त्या वर्षांत कापसाला कुणी विचारत नव्हतं. गाडी भरून बाजारात न्या, दिवसभर उन्हात रांगेत उभे राहा आणि वर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरचं नाक मुरडणं बघा, त्यापेक्षा लोक कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन दादाच्या दुकानात यायचे. कापूस टाकायचा आणि त्याच्या बदल्यात साखर, चहापत्ती, तेल, तिखट घेऊन जायचं. हंगामात दुकानामागची खोली छतापर्यंत पांढरी व्हायची.

या धंद्याला वजनं लागतात, आणि आमच्या दुकानात वजनांचे दोन डबे होते. एक डालड्याचा, एक बिस्किटांचा. कापूस घ्यायचा तो डालड्याच्या डब्यातल्या वजनांनी, साखर द्यायची ती बिस्किटांच्या डब्यातल्या. घ्यायची वजनं जड, द्यायची हलकी. लहानपणी मी एकदा दोन्ही डबे खेळायला घेतले आणि वजनं मिसळून ठेवली, तेव्हा आमच्या वडिलांनी कानाखाली अशी ठेवून दिली की त्यानंतर कोणता डबा कशाचा हे मी जन्मात विसरले नाही. 'सगळेच करतात' हे त्यावरचं आमच्या घरचं उत्तर. वडील गेले, डबे दादाकडे आले, उत्तरही आलं.

त्याची मुलगी अपेक्षा मात्र या डब्यांपासून लांब वाढली. दादाने तिला गल्ल्यावर कधी बसू दिलं नाही. "तिनं शिकावं, दुकानात हात काळे करू नये," असं म्हणायचा. दहावी झाल्याबरोबर त्याने तिला आर्णीला माझ्याकडे पाठवलं. मी तिथे शाळेत शिक्षिका, एकटी, दोन खोल्यांत राहणारी. पोरगी आली आणि माझ्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसायला लागलं.

कॉलेजात नरहर सर नावाचे खेळाचे शिक्षक होते. यवतमाळच्या वकिलांच्या घराण्यातले, स्वतः एके काळी चांगले नेमबाज. आर्णीबाहेर सरकी काढायचं एक जिनिंग बंद पडलं होतं, त्याच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी दहा मीटरची रेंज उभी केली. भिंतींच्या जाळ्यांत अजून कापसाचे पुंजके अडकलेले, पंखा लावला की निशाण्यासमोर तंतू तरंगायचे. पिस्तूल एकच. हवेचं, यवतमाळच्या क्लबकडून वापरायला मिळालेलं. आठ-दहा पोरापोरींनी हात लावून पाहिला आणि एकेक करून गळाले. उरली अपेक्षा.

मला वाटायचं, पिस्तूल चालवायचं म्हणजे धाडधाड गोळ्या उडवायच्या. छे! या पोरीचा सराव बघून आपलीच मान दुखायची. एक छर्राही न घालता कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पिस्तूल उचलायचं, नळीच्या टोकावरच्या खुंटीवर, म्हणजे माशीवर, डोळा ठेवायचा आणि ट्रिगर इतका हळू दाबायचा की माशी हलता कामा नये. अर्धा-अर्धा तास हेच. घरी माझी भाजी शिजेपर्यंत पाण्याने भरलेला तांब्या एका हाताने समोर धरून उभी. एकदा मी म्हटलं, "अवं, तो तांब्या देवापुढं ठेव, नवस तरी फेडल्यासारखा दिसन." तांब्या न हलवता हसली.

पिस्तुलाची मूठ पुरुषी पंजाची होती. सरांनी सुताराकडून तिच्या खळग्यांत लाकडाच्या भुशाचं लुकण भरून घेतलं, मग अपेक्षाने रोज थोडी थोडी कानशीने घासून तिला आपल्या हाताची केली. कॅनव्हासचे सपाट बूट आणले. सगळं जमलं, पण ट्रिगर जमेना. तो जड होता, तिचं बोट दुखून यायचं आणि शेवटच्या क्षणी झटका बसून छर्रा खाली डावीकडे जायचा.

"ट्रिगर हलका करू," सर म्हणाले. "पण नियम आहे. अर्धा किलो वजन ट्रिगरला टांगून पिस्तूल उचललं तर ट्रिगर न सुटता वजन वर आलं पाहिजे. त्याआधी सुटला की बाद. बरोबर अर्ध्या किलोवर आणू, तुला तेवढा फायदा. क्लबचं वजन यवतमाळला आहे. तुझ्या घरी दुकान आहे ना? अर्ध्या किलोचं माप घेऊन ये."

यात सरांचं काय चुकलं? अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो.

रविवारी ती गावाहून वजन घेऊन आली. कागदात गुंडाळलेलं, तेल लावून पुसलेलं, वर पाचशेचा आकडा. मी हातात घेतलं आणि मला दोन्ही डबे आठवले. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: माझा भाऊ जगाला काहीही देवो, लेकीला खोटं देणार नाही. पोरीवर त्याचा जीव होता. मी वजन परत कागदात गुंडाळून दिलं.

तारेच्या आकड्याला ते वजन बांधून सरांनी ट्रिगरचा स्क्रू फिरवत फिरवत नेमका काठावर आणला. त्या दिवसापासून पोरगी बदललीच. छर्रे मधोमध पडायला लागले, एकाच भोकात दोन-दोन. सर कागद उन्हाकडे धरून बघायचे आणि खिशात घालायचे. नंतर मला म्हणाले, "बाई, यंदा ही राष्ट्रीयला जाणार."

आणि जाणं भागच होतं. क्लबने सांगून ठेवलं होतं की राज्य स्पर्धेत पात्र ठरली तर पिस्तूल तिच्याकडे राहील, नाहीतर यवतमाळला परत जाईल, तिथे दुसरी मुलं थांबलेली आहेत. नवं पिस्तूल घेणं आमच्या कुवतीबाहेरचं. म्हणजे पुण्यात चुकली की संपलं. हे तिला ठाऊक होतं. झोपेतसुद्धा तिचं उजवं बोट हळूच वाकायचं.

पुण्याला मी सोबत गेले. स्पर्धेआधी हवं तर ट्रिगर तपासून घ्या, असं एक टेबल होतं. समोर मोठी रांग. अपेक्षा म्हणाली, "राहू दे आत्या. हात थंडे होतील उभं राहून राहून. माप तं घरचंच हाय." आणि आम्ही पुढे गेलो.

ती कशी खेळली ते मला सांगता येणार नाही. मी दोरीमागे बसून पदराचं टोक चावत होते. पण शेवटचा छर्रा सुटला तेव्हा नरहर सरांनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरले. पात्रतेच्या गुणांपेक्षा ती पुष्कळ वर होती. अपेक्षाने पिस्तूल खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. त्या वेळचा तिचा चेहरा मी जपून ठेवला आहे, कारण तो पुन्हा दिसला नाही.

स्पर्धा संपल्यावर काही जणांची पिस्तुलं चिठ्ठ्या टाकून तपासतात. चिठ्ठीत तिचा नंबर निघाला. ती हसतच टेबलाशी गेली. तिथल्या बाईंनी वजन ट्रिगरला अडकवलं आणि पिस्तूल उचललं. वजन टेबलावरून हललंही नाही आणि ट्रिगर सुटला. खट्. बाईंनी पुन्हा लावलं. खट्. तिसऱ्यांदा लावताना त्यांनी अपेक्षाकडे बघायचं टाळलं, आणि तेव्हाच मला कळलं.

सरांनी वाद घातला, हात जोडले. बाई शांतपणे म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, पण नियमाला इलाज नाही. फळ्यावरच्या निकालात अपेक्षाच्या नावापुढचे गुण खोडून तिथे 'बाद' लिहिलं. येणारे-जाणारे वाचत होते. ट्रिगर हलका करून खेळणारी पोरगी, म्हणजे चोरटी. एक मुलगी तिच्याकडे बघून मैत्रिणीच्या कानात काही बोललीसुद्धा.

मी तिच्या बॅगेतून ते वजन काढून उलटं केलं. अशा वजनांना खाली खाच असते, त्यात शिसं भरून त्यावर सरकारी ठसा मारतात. ठसा जागच्या जागी होता. त्याच्या कडेकडेने शिसं कोरून काढलं होतं आणि वर डांबर भरून काळं केलं होतं. अगदी नीट, सफाईने. माझ्या वडिलांच्या हातचं काम मी कुठेही ओळखलं असतं. बिस्किटांचा डबा.

परतीच्या गाडीत मी तिला सगळं सांगितलं. दोन्ही डब्यांचं. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. मग म्हणाली, "आत्या, मंग मले येते का नाही येत? ते सारे नेम हलक्या ट्रिगरचे होते. खऱ्या मापानं मी कशी हाय, हे आता कोण सांगन?"

पिस्तूल तर सरांनी पुण्यातच आपल्या ताब्यात घेतलं होतं, यवतमाळला पोचवायला.

सकाळी आम्ही गावात उतरलो. दादा दुकान उघडून अगरबत्ती लावत होता. उकंडा नावाचा आमच्या गावचा म्हातारा कापसाचं गाठोडं पायाशी ठेवून थांबला होता. आम्हाला बघून दादाचा चेहरा फुलला.

"आली काय वाघीण! काय झालं?"

अपेक्षाने वजन फळीवर ठेवलं. "बाद केलं मले. हे अर्धा किलो नाही, बाबा."

दादाने वजनाकडे बघितलं नाही. उकंडाकडे बघितलं, मग अगरबत्तीकडे.

माझा राग इतका अनावर झाला होता की उकंडा तिथे आहे याचंही मला भान नव्हतं. "दादा, लेकीलेही हलकंच देल्लं? काहून?"

"तिचं बोट दुखून राह्यलं होतं ना," तो हळू म्हणाला. "तीच म्हणे, ट्रिगर जड हाय म्हणून. माहे हात दोन्ही डब्यांत गेले. मंग मले वाटलं, हलकं देल्लं तं पोरीले सोपं जाईल." त्याने हातातली अगरबत्ती खाली ठेवली. "तिच्या भल्यासाठीच देल्लं वं मी."

आणि यात तिळभर खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या साखरेतून काढून त्याने तिला वाढवलं होतं, तसंच हेही त्याने आपल्या परीने प्रेमानेच दिलं होतं. मला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी रडूही आलं.

"मंग खरं काहून नाही देल्लं?" अपेक्षाने विचारलं. "ना जड, ना हलकं. खरं."

दादा खाली बघत म्हणाला, "खरं हाय कुठं घरात?"

उकंडा पुढे झाला. त्याला वाईट वाटलं असावं. त्याने अपेक्षाच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको, माय. तुह्या बापाचं माप तं साऱ्या गावाले ठाऊक हाय. एक तुलेच नोतं ठाऊक काय?"

तो हे टोचून बोलला नाही. खरंच नवल वाटून विचारत होता. अपेक्षा त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या पायाशी असलेल्या गाठोड्याकडे, मग स्वतःच्या पायांतल्या त्या सपाट कॅनव्हासच्या बुटांकडे. ते तिने तिथेच काढले आणि अनवाणी आत गेली.

उकंडाने गाठोडं उचलून तराजूत ठेवलं. "मोजा ना, रामरावभाऊ. चहापत्ती पाह्यजे मले."

दादाने डोळे पुसले आणि डालड्याच्या डब्यात हात घातला.