डोळ्यात बसलेला झाकोळ

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, खिडक्यांचे कट्टे भरले, उरलेली माणसं पुस्तकांच्या कपाटांना टेकून माना उंच करत उभी राहिली. समोरच्या पडद्यावर एकच डोळा पसरला होता, दाराएवढा मोठा. बुबुळातले तंतू दोरखंडांसारखे दिसत होते, पापण्यांचे केस भाल्यांसारखे. आणि बुबुळाच्या ऐन मध्यभागी एक काळी आकृती होती. माणसाची. डोक्याभोवती पांढऱ्या आगीचं कडं.

"दिसला?" औषधाविना डोळे बरे करतो म्हणणाऱ्या नेत्रगुरूंनी व्यासपीठावरून विचारलं.

"दिसला!" सभागृह हादरलं.

"हा झाकोळ! डोळ्यात बिऱ्हाड करतो आणि आधी नजर खातो, मग झोप, मग भूक. आणि याला पोसतं कोण? तुमची औषधं! थेंब बंद करा, गोळ्या बंद करा. फक्त माझं प्रकाशजल. अकरा दिवसांत झाकोळ गाशा गुंडाळतो!"

तो डोळा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा होता. एरवी पिठाची पोती खांद्यावर सहज उचलणारा हा धिप्पाड गडी आपला डोळा बघून रडकुंडीला आला होता.

मग अकरा दिवस पुरे केलेल्या दोघांना 'शुद्धीच्या पडद्या'समोर बसवलं. पडदा काळाकुट्ट, त्याला मध्ये एक भोक, भोकातून फक्त कॅमेऱ्याचं नाक बाहेर. फोटो निघाले. त्यांची बुबुळं लख्ख! झाकोळ गायब! टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं.

दाराशी उभी असलेली फोटोवाली मात्र टाळ्या वाजवत नव्हती. बाजारपेठेत तिचा छोटा स्टुडिओ होता. सासूबाई घरी नाहीत म्हणून त्यांना शोधत ती इथवर आली होती, आणि सासूबाई दुसऱ्या रांगेत, मांडीवर एक फोटो घेऊन, डोळे विस्फारून बसल्या होत्या.

"आई, घरी चला."

"थांब गं. पुढच्या बाईंचा झाकोळ बघू दे. माझ्याएवढा नसणार!"

फोटोवाली त्यांच्याजवळ वाकली. "तुमचा? आई, तुम्ही थेंब घालताय ना?"

सासूबाईंनी मान वळवली. "नऊ दिवस झाले. बंद."

सासूबाईंना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो, आणि तो थेंबांनी काबूत ठेवला नाही तर नजर कडेकडेने विझत जाते. विझलेली परत येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हे दहा वेळा बजावलं होतं.

फोटोवालीने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. स्टुडिओत शिरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "रागावू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतात, थेंब जन्मभर घालायचे. हा म्हणतो, अकरा दिवस. तूच सांग, कोणाचं ऐकावंसं वाटेल?"

यावर फोटोवालीला रागावता येईना. कारण सासूबाई खरं बोलत होत्या.

"तो फोटो तरी दाखवा."

तिने फोटो टेबलावर ठेवला आणि भिंग लावलं. क्षणभर पाहिलं. मग एकदम फस्सकन हसली.

"माझा झाकोळ आणि तुला हसू येतंय?"

"आई, याची कोपरं बघा. अशी बाहेर काढून कोण उभं राहतं?"

सासूबाईंनी भिंगातून पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सून कॅमेरा डोळ्याला लावून उभी होती, कोपरं बाहेर. गेली वीस वर्षं ती अशीच उभी राहत आली होती.

"अगं बाई," सासूबाई पुटपुटल्या.

फोटोवालीला ही आकृती चांगलीच ओळखीची होती. आपल्याच या प्रतिबिंबाला फोटोंतून हुसकावण्यात तिची अर्धी कारकीर्द गेली होती. सोनाराच्या अंगठ्यांचे फोटो काढावेत तर प्रत्येक अंगठीत ती स्वतः. नव्या किटलीचा फोटो काढावा तर किटलीच्या पोटात तिचंच फुगलेलं तोंड. अशा बारीक वस्तू अगदी जवळून टिपायला तिच्याकडे खास मॅक्रो लेन्स होती. कीटकाच्या पायावरची लव दाखवणारी ही लेन्स घेऊन चार पावलं मागं सरकलं की माणसाचा चेहराही असा रेखीव येई की गिऱ्हाइकं म्हणत, "ताई, एवढं खरं नको हो, सुरकुत्या जरा कमी करा!"

तिने सासूबाईंना खिडकीसमोर बसवलं, हनुवटीखाली पुस्तकांची चळत रचली. "श्वास रोखा. एवढ्या जवळून केसाएवढीच जागा स्पष्ट येते, जरा हललात की गेलं." मग एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने तिने कोपऱ्यातली छत्री उघडली आणि डोक्यावर धरली. खटक्.

फोटो मोठा करून दाखवल्यावर सासूबाई किंचाळल्याच. "माझ्या डोळ्यात छत्री कशी शिरली?"

"तुमचा डोळा ओला, गोल आणि चकचकीत आहे, आई. म्हणजे छोटा आरसाच. समोर जो उभा, तो आत दिसणार. एरवी तो खसखशीएवढा असतो म्हणून कळत नाही. ही लेन्स त्याला दाराएवढा करते."

"आणि ते आगीचं कडं?"

"लेन्सभोवती लावायचा गोल दिवा. माझ्याकडेही आहे."

सासूबाईंनी झाकोळाचा फोटो टेबलावर पालथा टाकला. मग उठल्या, साडी झटकली. "आधी डॉक्टरीणबाईंकडे चल. मग त्या भामट्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. वाढला होता, चांगलाच. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "आजपासून एकही दिवस चुकवायचा नाही." एरवी हुज्जत घालणाऱ्या सासूबाईंनी शाळकरी मुलीसारखी मान डोलावली.

दोन दिवसांनी सभागृह पुन्हा तुडुंब भरलं. सासूबाईंचा अकरावा दिवस. नेत्रगुरूंनी शुद्धीच्या पडद्याकडे बोट केलं, "या आजी, शुद्धी घ्या!"

"घेते की. पण गुरुजी, आधी तुमचा निर्मळ डोळा दाखवा. स्वच्छ डोळा कसा असतो ते तरी कळू दे आम्हाला."

"दाखवा, दाखवा!" लोक ओरडले.

नेत्रगुरू हसले आणि त्याच काळ्या पडद्याच्या दिशेने निघाले.

"तिकडे कशाला?" सासूबाईंनी भाबडेपणाने विचारलं. "पडदा तर आम्हा मळक्यांसाठी ना? तुम्हाला कसली भीती?"

हशा पिकला. आता माघार घेण्याची सोय उरली नाही. नेत्रगुरू कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. "मी धरते कॅमेरा, रोजचंच काम आहे," असं म्हणत फोटोवाली पुढे झाली. तिने फोटो काढलाच नाही. समोरचं दृश्य थेट सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर सोडलं आणि हलकेच लेन्स फिरवली. बुबुळ स्पष्ट झालं. आणि त्यात, कोपरं बाहेर काढून, झाकोळ!

फोटोवालीने हात वर करून हलवला. झाकोळाने हात हलवला.

सासूबाई सोबत आणलेली छत्री उघडून तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"एकाचे दोन झाले!" मागून कोणीतरी ओरडलं.

"ही करणी आहे!" नेत्रगुरू गरजले. "कोणीतरी माझ्या डोळ्यात..."

तेवढ्यात बेकरीवाला तरातरा पुढे आला आणि सासूबाईंच्या बाजूला छाती काढून उभा राहिला. पडद्यावर तिसरा झाकोळ प्रकटला, दोघींपेक्षा रुंद. बेकरीवाला स्वतःकडे टक लावून बघत राहिला.

"अहो गुरुजी," तो शेवटी म्हणाला, "तुमची करणी माझा ॲप्रन घालून उभी आहे!"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. गदारोळ ओसरल्यावर फोटोवालीने तो काळा पडदा उचलून सगळ्यांना दाखवला. "फोटो काढणारा याच्यामागे लपतो. समोर नुसता काळोख, गोल दिवाही काढून ठेवलेला. मग डोळ्यात दिसणार काय? तुमचा आजार जिथे होता तिथेच आहे. निघून गेलाय तो फक्त फोटोवाला!"

नेत्रगुरूही तोवर बाजूच्या दाराने निघून गेले होते. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पोलिसांकडे द्यायची तक्रार लिहिली, तिच्यावर सह्या करायला रांग लागली आणि पहिली सही बेकरीवाल्याने ठोकली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही रांग होती. थेंब सोडलेले बरेच निघाले. एका म्हातारबुवांची एका डोळ्याची कडेची नजर कायमची गेली होती. ते कळलं त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

आता त्या रोज सकाळी थेंब घालतात आणि भेटेल त्याला सांगतात, "मी अडाणी नव्हते हो. मला बरं व्हायची घाई होती, तीच त्याने हेरली."

अशी घाई तुम्हालाही होईल, आम्हालाही होते. म्हणून एवढंच लक्षात ठेवा. जो चालू औषध बंद करायला सांगतो, त्याच्या पुढ्यातून उठा आणि थेट डॉक्टरांकडे जा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी शांतपणे म्हणा, "पुन्हा एकदा दाखवा. पण या वेळी कॅमेरा आमच्या हातात द्या."