चौथीचा दगड

चिंधूवर चोरीचा आळ आला तो चंद्रामुळे, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. मागल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी माझा हा नवरा कारखान्यातल्या ड्यूटीवरून सायकलनं खुर्सीपारच्या आमच्या वस्तीत आला, तो मान वर करून चंद्र बघत बघतच. मी ओरडले तर म्हणाला, "चंद्र पायल्यानं काय होते वो? मी काय देव आहो?" देव असता तर बरं झालं असतं. चौथीचा चंद्र पाहिला म्हणून कृष्णावरसुद्धा मण्याच्या चोरीचा आळ आला होता. पण त्याला कुणी कामावरून घरी बसवलं नाही.

आमच्या भंडाऱ्याकडे यावर उपाय आहे. चंद्र दिसलाच तर कुणाच्या तरी घरावर दगड मारायचा. घरचे बाहेर येऊन शिव्या देतात, त्या मुकाट्यानं खायच्या, उलट शब्द बोलायचा नाही. फुकटच्या शिव्या खाल्ल्या की फुकटचा आळ टळतो. गावातली पोरं तर नुसती गंमत म्हणून दगड मारत सुटायची. आमच्या शेजारची सत्यभामाबुढी त्या दिवशी दुपारीच झोप काढून ठेवायची, संध्याकाळी शिव्या द्यायला दम पाहिजे म्हणून. चिंधूनं मात्र उपाय केला नाही. हसला आणि जेवायला बसला.

आणि या पावसाळ्यात ठेकेदाराच्या गोदामातून तांब्याच्या तारेचं बंडल गेलं. गोदामाची चावी चिंधूकडे होती. ठेकेदाराच्या मुनशीनं त्याला घरी बसवलं आणि बजावलं, सोमवारपर्यंत तार आणून दे, नाहीतर पोलीस येतील. पोलादाच्या कारखान्यात नवी भट्टी उभी राहत होती, कामासाठी गावोगावची माणसं येऊन पडत होती, एक चिंधू गेल्यानं कुणाचं काय अडणार होतं? माझा नवरा परक्याच्या झाडाखालचा आंबा उचलत नाही. तो माणूस रोज भरल्या ताटावरून उठायला लागला. मला राग असा यायचा की आदळून आदळून घरच्या भांड्यांना पोचे पडले.

त्या दिवसांत मला आधार होता तो शेजारच्या रुक्माचा. तिचा नवरा शालिकराम चिंधूच्याच टोळीत कामाला. माझी पोरगी झाली तेव्हा मी तापानं फणफणले होते, माझं दूध आटलं, तर रुक्मानं आपल्या पोराबरोबर माझ्या पोरीलाही अंगावर पाजलं. चिंधूवर आळ आल्यापासून ती रोज येऊन माझ्याजवळ बसायची आणि चोराला शिव्या घालायची. "ज्यानं नेलं ना मनकर्णा, त्याच्या हाताले कोड फुटो! वाटोळं होवो त्याचं!" ऐकून मला जरा बरं वाटायचं.

मग चौथ आली. उशिरा का होईना, उपाय करायचाच असं मी ठरवलं. नवऱ्यासाठी बायकोचे उपास चालतात, तर शिव्या का नाही चालणार? चिंधूला काही सांगितलं नाही. दिवेलागणीला पदरात दगड घेतले आणि मान खाली घालून बाहेर पडले, चंद्र मला दिसायला नको म्हणून.

आमच्या ओळीत शिव्यांची खाण म्हणजे बेबीताई. नळावर तिची बादली कुणी सरकवली तर सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. म्हणून पहिला दगड तिच्या पत्र्यावर मारला. बेबीताई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खो खो हसायला लागली. "आवो, आज चौथ हाय नाई का! मारा बाई, आनखी मारा! कोन हाय ते, आत या, करंजी खाऊन जा!" मला रडू यायचं बाकी राहिलं. गरज होती तर बाई गोड बोलायला लागली.

तेव्हा रुक्माची आठवण झाली. रुक्मा पोरांवर ओरडायची तेव्हा आमच्या घरातली भांडी हलायची. शालिकराम सेकंड शिफ्टला गेलेला होता. मी तिच्या घरासमोरच्या शेवग्याआड उभी राहिले आणि चांगला नेम धरून दगड हाणला. पत्रा धाडकन वाजला.

शिवी आली नाही. उलट आतला कंदील विझला. मी दुसरा दगड मारला. "दे ना गं एखादी," असं मनातल्या मनात म्हणत होते.

दार जरासं उघडलं. रुक्मा बाहेर आली ती वाकून, जुन्या लुगड्यात बांधलेलं जड गाठोडं पोटाशी धरून. तिनं ते उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि अंधाराकडे हात जोडले.

"नोका मारू जी. लेकरं हायेत घरात. समजलंच हाय तुमाले, तं घेऊन जा हे. पर पोलिसाले नोका सांगू."

तेवढ्यात कारखान्याकडे भट्टीतून निघालेला लोखंडाचा तापलेला मळ ओतला आणि नेहमीसारखं आभाळ लाल झालं. गाठोड्याचं तोंड सुटलं होतं. आत तांब्याची तार चकाकत होती.

माझ्या हातातला दगड गळून पडला. चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाच नाही. मला एवढंच दिसत होतं की ही बाई रोज माझ्याजवळ बसून, माझे डोळे पुसून, चोराच्या हाताला कोड फुटो म्हणत होती. ती गाठोड्यावरून उठून माझ्याकडे यायची आणि परत गाठोड्याकडे जायची.

मी शेवग्याआडून बाहेर आले. "रुक्मा," मी म्हटलं, "आज चौथ हाय. मी शिव्या खायले आली होती."

तिच्याही गावी चौथीला दगड पडतात. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं? तिनं वर चंद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम झडप घालून गाठोडं ओढलं. मीही धरलं.

"कोनी नाई पायलं, मनकर्णा. सोड! तुह्या चिंधूले का, दुसरीकडं काम भेटन. माह्या मानसाले जेल होईन, त मी लेकरं घेऊन कोठी जाऊ?"

"न् माह्या नवऱ्याले चोर म्हनून हाकलतीन ते? शालिकरामनं गाठोडं लपवलं तवा त्याले चिंधू नाई आठवला?"

"आठवला! रोज आठवला! पर करू का मी?"

तिचा आवाज ऐकून गाठोड्यावरची माझी पकड ढिली झाली. पण डोळ्यांसमोर चिंधू होता, ताटावरून उठणारा. मी जीव खाऊन हाक मारली, "चिंधूऽऽ! कंदील घेऊन या!"

चिंधू धावत आला. बेबीताई आली, ओळीतली सगळी दारं उघडली. कंदिलाच्या उजेडात तार पाहून चिंधू मटकन खाली बसला. शालिकराम आणि तो कामावर एका डब्यात जेवायचे. "शालिक?" एवढंच तो बोलला.

रुक्मानं गाठोडं सोडलं आणि तोंड सोडलं.

"चोट्टे! लोकायच्या घरावर दगड मारतं! तुह्या हाताले कोड फुटो! वाटोळं होवो तुहं!" त्याच शिव्या, जशाच्या तशा. ज्यांना तारेचं माहीत नव्हतं ते मलाच वाईट समजून बघत होते. चिंधू म्हणाला, "बोल ना वो कायतरी!"

बोलायला माझ्याकडे कमी नव्हतं. तिच्या एकेका शिवीला माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण उलट बोललं की उपाय वाया जातो. मी जीभ दातांखाली धरली. तोंडात रक्ताची चव आली.

शेवटी तिचा आवाज फाटला. "माह्या अंगावरचं दूध पेली तुही पोरगी, मनकर्णा!"

फुकटच्या शिव्यांनी आळ जातो. तिच्या सगळ्या शिव्या फुकटच्या होत्या, ही दुधाची एक सोडून. मी तार छातीशी धरून उभी राहिले आणि या शिवीलाही उत्तर दिलं नाही.